ओल्या पुस्तकांचं वर्ष

नदी आमच्या घरात कधीच आली नाही. खारेपाटणच्या बाजारापासून वर, चढणीला आमचं घर होतं, आणि पावसाळ्यात पाणी कुठवर आलं ते आम्ही ओटीवर उभं राहून बघायचो. पण त्या श्रावणात नदी बाजारातल्या वाचनालयात शिरली आणि पाणी उतरल्यावर सगळं वाचनालय आमच्या घरी आलं. पोत्यांतून, टोपल्यांतून, कोणाच्या तरी बैलगाडीतून. ओटी भरली, पडवी भरली, भाताच्या कणगीवर पाट टाकून त्यावर पुस्तकं रचली गेली. भिजलेलं पुस्तक किती जड होतं याची मला तोवर कल्पना नव्हती. दोन्ही हातांनी धरूनही मध्येच त्याचं पोट सुटायचं आणि पायावर चिखलाचा लगदा पडायचा. घरभर एक वास बसला, खाडीच्या चिखलाचा आणि कुजलेल्या सरसाचा. आई चुलीपाशी उकड्या तांदळाची पेज ढवळायची तेव्हा नाकाला पदर लावून ढवळायची. मी कुळथाची पिठी खात होते की तो वास खात होते, कळायचं नाही. आज इतक्या वर्षांनी माहेरच्या ओटीवर बसून हे लिहिताना वरच्या चौपदरी रस्त्यावरून गाड्या भरधाव जाताना ऐकू येतात, त्यात बसलेल्यांना खाली बाजार आहे हेही दिसत नसेल, आणि मला मात्र तो वास अजून हवा तेव्हा आठवता येतो. नको तेव्हाही येतो.

माझे वडील, अण्णा, दिवसा बाजारातली भातगिरणी चालवायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया आणि कानांवरची लव कोंड्याने पांढरी झालेली असायची. विहिरीवर आंघोळ, धुतलेला सदरा, आणि मग पुन्हा बाजारात उतरून वाचनालय उघडायचं. हे त्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून केलं होतं. गावातले जे मुंबईला नोकरीला होते त्यांच्याकडे मे महिन्यात ते घरोघर जायचे, चहा घ्यायचे आणि उठताना म्हणायचे की वाचून झालेली दोन पुस्तकं पुढच्या खेपेला आणा. असं मागून मागून त्यांनी चार भिंती भरल्या होत्या. घरी ते आमच्यासारखीच मालवणी बोलायचे. वाचनालयाच्या खुर्चीत बसले की मात्र त्यांची भाषा बदलायची. मी, त्यांची मुलगी, पुस्तक घ्यायला गेले तरी मला ‘आपले पुस्तक आणले का?’ असं विचारायचे. मैत्रिणी हसायच्या. मला तेव्हा लाज वाटायची, आणि थोडा अभिमानही.

पुरानंतर ते कमी बोलू लागले, पण हात थांबले नाहीत. ऊन पडलं की गिरणीच्या पत्र्यावर पुस्तकं उघडी करून ठेवायची, ढग आले की धावत उतरवायची. आमच्या चुलीवरच्या माळ्यावर नारळाच्या वाट्या सुकायच्या, त्यांच्या बाजूला कादंबऱ्या सुकू लागल्या. त्यांना धुराचा आणि खोबऱ्याचा वास लागला. सुकली तेव्हा ती पूर्वीसारखी राहिली नव्हती. पानं लाटांसारखी वाकडी, पुठ्ठे फुगून सुटलेले, पाठीचा दोरा कुजलेला. उचलली की जुडग्या जुडग्यांनी गळायची. काहींच्या पानांवर काळे-हिरवे ठिपके आले होते. अण्णा एक जुनं धोतर फाडून त्याच्या चिंध्यांनी ते ठिपके पुसत बसायचे आणि त्यांना खोकला लागायचा. आईने एकदाच विचारलं की ह्या सगळ्याचं करायचं काय. बांधायची, ते म्हणाले. कोण बांधणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी तेव्हा बारावीच्या गणितात अडकून घरी बसले होते. माझं लग्न ठरवायचं बोलणं चालू होतं. भरतकाम बऱ्यापैकी यायचं, तेवढंच. मालवणला माझी आते राहायची आणि तिच्या घराच्या मागच्या गल्लीत एक बाई पुस्तकं बांधायची, हे अण्णांना ठाऊक होतं.

“चेडवाक आता पुस्तकां शिवूक धाडतास?” आई म्हणाली. “बघूक येतले त्येंका काय सांगू?”

“शिवूक शिकता म्हणान सांग,” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुझो हात बरो आसा गो. तूच करशीत.”

माझ्या हातावर कोणी तरी इतका भरवसा टाकला होता, हे मला त्या वयात फार मोठं वाटलं. चतुर्थी झाल्यावर मी मालवणला गेले.

ताराआते खानावळ चालवायची. काका बोटीवर असायचे, वर्षातून एकदा दिसायचे. सकाळ व्हायची ती पाट्याच्या आवाजाने. ओलं खोबरं, मिरच्या, धणे, आणि बांगड्याच्या कढीत घालायला तिरफळं. किनाऱ्यावरून मासे यायचे तेव्हा दारात कोळणीची आणि आतेची जी बोलाचाली व्हायची ती ऐकून वाटावं की ह्या आता जन्मात एकमेकींचं तोंड बघणार नाहीत, आणि लगेच दोघी पायरीवर बसून चहा प्यायच्या. दुपारी जेवायला सरकारी कचेऱ्यांतले एकटे राहणारे बाबू, एसटीचे कंडक्टर आणि एक म्हातारे वकील यायचे. तव्यावर सौंदाळे चुरचुरायचे. खारेपाटणच्या घरातल्या त्या वासानंतर मला ते घर फार बरं वाटलं. पण ते बरं वाटणं माझ्या वाट्याला अर्धंच आलं, कारण शिकायला लागल्यावर आतेने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. पुस्तकं चिकटवायच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष. माझी नखं निळसर दिसायला लागली होती.

“ते हात लांब ठेव गो,” आते म्हणायची. “माझ्याकडे माणसां जेवतत.” मी साबणाने, चिंचेने, राखेने हात घासायचे, तरी ती माझं ताट वेगळं पडवीत आणून द्यायची. तिचं चुकत नव्हतं. पण आत सगळे जेवत असताना पडवीत एकटीने कढी-भात खाताना मला आपल्याला काही तरी रोग झाला आहे असं वाटायचं.

ती बाई म्हणजे कातरीनबाय. मालवणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, पन्नाशीची, उंच, रुंद मनगटांची. नवऱ्याचा छापखाना होता, तो गेल्यावर यंत्र विकलं गेलं आणि बांधणी तेवढी तिने ठेवली. चर्चची प्रार्थनेची पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, भजनी मंडळांच्या वह्या, असं काय काय तिच्याकडे यायचं. कामाची जागा म्हणजे घराच्या मागची लांबट खोली. एका खिडकीतून माड दिसायचे आणि समुद्र दिसत नसला तरी भरतीच्या वेळी त्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. ती मायाळू नव्हती. कामात बोललेलं तिला चालत नसे. रेडिओ मात्र चालू असायचा, कोणत्याही भाषेत.

तिने मला पहिल्यांदा शिवायला दिलंच नाही. मोठा छापील कागद घडी घालून त्याचं जुडगं करायचं, त्याला ती जुज म्हणायची. बांबूची एक गुळगुळीत पट्टी घडीवरून एकदाच, एका दाबाने फिरवायची. दोनदा फिरवली की कागद चकाकतो आणि ते तिला दिसायचंच. दिवसचे दिवस मी फक्त घड्या घातल्या. मग टोचा हातात आला. जुजाच्या घडीत बरोबर एका रेषेत भोकं पाडायची, भोक पानाच्या अंगावर गेलं की ते पान कधी तरी तिथून फाटणार. मग मेण लावलेला दोरा आणि दाभण. एक जुज शिवायचं, त्यावर दुसरं ठेवायचं, शेवटच्या भोकाशी खालच्या जुजाच्या टाक्यात दाभण अडकवून गाठ घ्यायची, म्हणजे सगळी जुजं एकमेकांना धरून राहतात. दोरा ढिला राहिला तर पुस्तक गळतं, जास्त ओढला तर कागद कापतो. किती ओढायचा हे तिने कधी सांगितलं नाही. माझ्या हातातला दोरा ती दोन बोटांत धरून बघायची आणि ‘सोडव’ म्हणायची. मी सोडवायचे. पुन्हा शिवायचे. संध्याकाळी माझी बोटं इतकी हुळहुळायची की केसांत फणी घालवत नसे.

खळ करायला शिकले ते मात्र मला आवडलं. मैदा थंड पाण्यात कालवायचा, मंद विस्तवावर ढवळत राहायचा, पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा दिसू लागला की उतरवायचा. ब्रश उचलल्यावर खळ तुटून पडली पाहिजे, तार धरता कामा नये. पाठीवर खळ, त्यावर विरळ कापड, मग ते अर्धवट ओलं असतानाच हातोडीने हलके हलके ठोकून पाठीला गोलाई आणायची. पुठ्ठे कापायचे, कापड चढवायचं, कोपरे दुमडायचे, आतून अस्तराचा कागद डकवायचा आणि शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवून द्यायचं. माझं पहिलं पूर्ण पुस्तक म्हणजे देवबागच्या एका भजनी मंडळाची अभंगांची वही. सकाळी शिकंजा सैल करून कातरीनबायने ती माझ्या हातात दिली. मी उघडली. ती सपाट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कातरीनबायने ‘सोडव’ म्हटलं नाही. त्या वर्षात मी मनापासून आनंदले असेन तर त्या सकाळी.

मग मी घरून आणलेलं पुस्तक काढलं. नमुना म्हणून अण्णांनी एक जाडजूड बांधीव खंड दिला होता, जुन्या दिवाळी अंकांचा. त्यांचा आवडता. त्यातली चित्रांची पानं गुळगुळीत कागदाची होती आणि सुकताना एकमेकांना अशी चिकटली होती की खंडाच्या मध्यभागी एक लाकडासारखा ठोकळा झाला होता. कातरीनबायने तो हातात घेऊन कडेने बघितला, नाकाशी नेला. पाणी उकळून वाफेवर धरला. पातळ सुरी कडेने आत घातली. पानं सुटली, पण सुटताना एका पानावरची अक्षरं दुसऱ्या पानावर उलटी चिकटून आली आणि पहिल्या जागी कोरा, खरखरीत पापुद्रा राहिला. तिने आणखी एक पान करून बघितलं. मग साधी पानं बघितली. ती सुटी होती, पण घडीपाशी बोटाने दाबली की भाकरीसारखी तुटत होती. बुरशीने आतून खाल्ली होती.

“बाय, मी तुका शिवूक शिकवतंय,” ती म्हणाली. “पण सडल्ल्या कागदार शिवण धरणा नाय. तुझ्या बापाशीक सांग.”

मी विचारलं की सगळीच अशी असतील का. तिने खांदे उडवले. ती म्हणाली की सुरुवातीच्या दिवसांत पंख्याखाली उभी करून सुकवली असती तर निम्मी वाचली असती, उन्हात आणि धुरात टाकल्यावर कागद मेला. हे ती अण्णांना दोष द्यायला म्हणाली नाही, नुसतं सांगितलं. पण मला दिसले ते अण्णा, गिरणीच्या पत्र्यावर चढून, कडक उन्हात, एकेक पुस्तक उघडं करून ठेवणारे.

शिमग्याला घरी गेले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. वाफेचं, पापुद्र्याचं, बुरशीचं. उन्हाचं तेवढं सांगितलं नाही, ते माझ्याने झालं नसतं. ते ऐकत होते. ओटीवर त्यांच्या भोवती पुस्तकांचे ढीग होते, आता विषयवार लावलेले. माझं बोलून संपलं तेव्हा त्यांनी खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि विचारलं, “पण कापडाची पाठ घालूक शिकवल्यान मा?”

शिकवली, मी म्हटलं.

“मगे झाला तर.”

तो उन्हाळा आम्ही दोघांनी ओटीवर काढला. गिरणीच्या सुताराने लाकडाचा शिकंजा करून दिला. अण्णा पुस्तकं सोडवायचे, पाठीवरचा सुकलेला सरस आणि चिखल खरवडायचे, फाटक्या घडीवर पातळ कागदाच्या पट्ट्या डकवायचे. मी शिवायचे. आंबे काढायचे दिवस आले, शेजारी पेट्या भरू लागले, आमच्या फणसाखाली फणस पडून फुटले, आणि आई एकटी सगळं बघत होती. तिने आमच्यावर राग धरला होता असं म्हणता येणार नाही. ती आम्हाला जेवायला हाक मारायची आणि आम्ही गेलो नाही तर पुन्हा मारायची नाही. बांधता आली ती पुस्तकं आम्ही बांधली. बाकीची, म्हणजे निम्म्याहून अधिक, अण्णांनी पडवीत ढीग करून गोणपाटाने झाकली आणि त्यांचं नाव काढलं नाही. बांधलेल्यांतही मला टोचा घालतानाच कळायचं. कागद ‘टच्’ असा आवाज करत नसे, तो मऊसूत, ओल्या भिंतीत खिळा जावा तसा जायचा. मी दोरा कमी ओढायचे, फाटू नये म्हणून. कातरीनबायने ते एकही पुस्तक हातात घेतलं असतं तर ‘सोडव’ म्हटलं असतं. अण्णा मात्र प्रत्येक पुस्तक शिकंज्यातून काढल्यावर उघडून बघायचे आणि नव्या कापडावर हात फिरवून म्हणायचे, बरां झाला.

पुस्तकं घरीच ठेवू या, असं मी सुचवलं होतं. आमची ओटी उंचावर, पाण्याची भीती नाही, लोकांनी इथे यावं. अण्णांना ते पटलं नाही. घरात ठेवलेली पुस्तकं आपली होतात, गावाची राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजारातल्या म्हाताऱ्यांनीही सांगितलं की एवढं पाणी आमच्या आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, आता पुन्हा कशाला येतंय. खोलीला चुना दिला, फळ्या वर सरकवल्या आणि वैशाखात वाचनालय उघडलं. वाचनालयाच्या मंडळाच्या अध्यक्षांनी नारळ फोडला, पेढे वाटले, अण्णांचं आणि माझं कौतुक केलं. मी नवी साडी नेसले होते. हातांवर निळे डाग होते म्हणून मी हात पदराखाली ठेवले होते.

पहिले काही दिवस लोक आले. मग कमी झाले. पुस्तकांना वास येतो म्हणायचे, आणि तो येतच होता. एका मास्तरणीने पुस्तक परत आणलं, म्हणाली की मुलांना शिंका येतात. कोणाच्या हातात पानच निघून आलं. अण्णांनी ते चिकटवलं. बाजारात त्याच सुमाराला दोन-तीन घरांत टीव्ही आले होते आणि संध्याकाळी माणसं तिथे जमायची, त्यांचं हसणं वाचनालयात ऐकू यायचं. मी अण्णांबरोबर बसू लागले. दार उघडून, दिवा लावून, ते खुर्चीत, मी बाकावर. कोणी आलं तर ते उठून उभे राहायचे, आणि ते मला बघवत नसे. ते पूर्वी कोणासाठी उठत नसत. पावसाला सुरुवात झाली तेव्हा तर संध्याकाळ संध्याकाळ कोणी फिरकायचं नाही आणि आम्ही दोघं दरवाजाच्या चौकटीतून पागोळ्या बघत बसायचो. अण्णा कधी वर्तमानपत्राची घडी नीट करायचे.

नदी आली ती सकाळी. घाटात पाऊस धरून बसला होता, घाटाच्या पायथ्याच्या फोंड्याकडून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं की वर रस्ता दिसत नाही. आदल्या संध्याकाळी पाणी नदीकाठच्या पायऱ्यांवर होतं. सकाळी गटारातून उलटं वर येऊ लागलं, तपकिरी, शांत, वर पाचोळा फिरत होता. अण्णा गिरणी बंद करून वाचनालयात गेल्याचं कळलं म्हणून मी धावत खाली उतरले. बाजारात सगळे आपापला माल वर चढवत होते. वाचनालयाला लागून गणपतचं किराणा दुकान होतं, त्याचा माळा मोठा. तो आणि त्याचा भाऊ गुळाच्या ढेपी वर देत होते. मला बघून तो म्हणाला की पुस्तकं आण, माळ्यावर जागा आहे.

आत आले तेव्हा उंबऱ्यावरून पाणी नुकतंच आत सरकलं होतं. अण्णा खुर्चीत बसले होते. सदरा धुतलेला होता. मला वाटलं ते नुकतेच आले असतील, दम घेत असतील.

“अण्णा, उठा,” मी म्हटलं. “वरची फळी तुमी घेवा, खालची मी घेतंय.” आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता मी खालच्या फळीवरची पुस्तकं छातीशी धरून गणपतकडे गेले. परत आले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं आणि अण्णा तसेच बसले होते. हात मांडीवर, चपला पाण्यात. मी पुन्हा उठा म्हटलं. मी आणखी एक चळत नेली, आणखी एक. कोणती पुस्तकं नेते आहे हे मी बघत नव्हते. नवं कापड बोटांना ओळखू येत होतं, प्रत्येकाचा कोपरा मी दुमडलेला होता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी त्यांचा खांदा धरून हलवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख होती त्या नजरेत, वेडबिड काही नव्हतं. ते म्हणाले,

“रवांदे गो बाय. तू जा.”

त्या खुर्चीत बसून ते मालवणीत बोलले, हे मला तेव्हाही जाणवलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, ओढ लागत होती, आणि मी त्यांच्यासमोर दोन्ही हातांत पुस्तकं घेऊन उभी होते. मी रडले नाही, ओरडले नाही. मी ती पुस्तकं घेऊन गेले, परत आले, पुन्हा घेऊन गेले. त्यांनी एकही पुस्तक उचललं नाही. मला अडवलंही नाही. शेवटी गणपत आणि त्याचा भाऊ आत आले, दोघांनी त्यांना काखेत धरून उठवलं आणि ते उठले, मुकाट्याने, एखादं मूल उठतं तसे. मागच्या वाटेने आम्ही चढणीला लागलो. मागे वळून बघितलं तर फळ्यांवरून पुस्तकं सुटून दारापर्यंत आली होती आणि दारात अडकून राहिली होती.

पाणी उतरल्यावर ती फावड्याने काढावी लागली. मी गेले होते. अण्णा गेले नाहीत. गणपतच्या माळ्यावरची पुस्तकं मी घरी आणली, मिरच्यांच्या पोत्यांत राहून त्यांना खकाणा लागला होता, ती उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं. पडवीतल्या गोणपाटाखालचा ढीगही त्याच आठवड्यात आईने उकिरड्यावर टाकला आणि अण्णांनी तिला टाकू दिलं. मंडळाची एक बैठक झाली, पुन्हा सुरू करू असं सगळे म्हणाले आणि मग कोणी काही केलं नाही. ती खोली पुढे कोणाकोणाला भाड्याने गेली. हल्ली तिथे मोबाइलची रिचार्जं होतात.

अण्णा गिरणीत जात राहिले. संध्याकाळी आंघोळ करायचे आणि ओटीवर बसायचे. मी माळ्यावरून आणलेली पुस्तकं त्यांच्या हाताला येतील अशी मांडून ठेवली होती. त्यांनी ती घेतली नाहीत. पुढे त्यांनी कधीच कोणतं पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नाही. बोलायचे सगळं, हसायचेही, भातावरची कीड आणि आंब्याचा मोहोर आणि गावातली भांडणं, सगळ्यात त्यांचं लक्ष असायचं. बाहेरच्या माणसाला काही बदललंय असं वाटलंही नसतं. मी एकटी होते ते बघायला. आईला तर बरंच वाटलं असेल, इतक्या वर्षांनी नवरा संध्याकाळी घरात होता.

माझं लग्न फोंड्याला झालं. कणकवलीच्या एका छापखान्यात मी बांधणीचं काम करू लागले आणि पुष्कळ वर्षं केलं. पावतीपुस्तकं, हजेरीपट, पंचांगं. दोरा किती ओढायचा ते बोटांना कळलं होतं. पुढे गोंदाची यंत्रं आली, मग वह्या बाहेरूनच तयार यायला लागल्या, आणि मालकाने एके दिवशी माझी दाभणं मला कागदात गुंडाळून दिली. आता उजव्या हाताचा अंगठा वळत नाही. कातरीनबाय केव्हा गेली मला कळलंही नाही, आते फोनवर बोलता बोलता सांगून गेली.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे राहायला आले. शेवटची वर्षं माझ्याकडेच होते. एकदा सकाळी आम्ही दोघंच घरात होतो, ते पेज जेवत होते, सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याची, खोबरं घालून कालवलेली किसमूर होती. कसा कोण जाणे, मी विचारून टाकलं. इतकी वर्षं मी त्याची उत्तरं मनात करून ठेवली होती. कधी मला वाटायचं की त्यांना त्या दिवशी बरं नव्हतं. कधी वाटायचं की ते गावावर रुसले होते. कधी वाटायचं की माझी शिवण धरणार नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी तो सगळा उन्हाळा ओटीवर काढला. हे शेवटचं मी सर्वांत जास्त वेळा मनात घोळवलं होतं.

“अण्णा, त्या दिसा पाणी इला तेव्हा तुमी उठलास नाय,” मी म्हटलं. “कित्याक?”

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. घास संपवला, पाणी प्यायले.

“माका कंटाळो इल्लो,” ते म्हणाले.

त्यांनी बोटाने किसमुरीतला एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि थोडी पेज दे म्हणून ताट पुढे केलं. मी वाढली. ते जेवत राहिले.